चिखलातला मुक्काम

पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा मार्चमध्ये न्यूझीलंडहून उडतो, तो सुमारे १०,००० किलोमीटर न थांबता पीत समुद्राकाठी उतरतो. तिथल्या चिखलात किडे-शिंपले खाऊन अंगावर पुन्हा चरबी चढली, तरच पुढे अलास्का! दक्षिण कोरियाने २००६ मध्ये सेमनगमला समुद्र अडवला आणि असा मोठा चिखल गेला. उत्तर कोरियात बाहेरच्याला सहसा प्रवेश नाही; पण न्यूझीलंडचे पक्षिमित्र २००९ पासून तिथे जाऊन स्थानिकांबरोबर पक्षी मोजू लागले. २०१८ मध्ये उत्तरेनेही पाणथळ जागांच्या रामसर करारावर सही केली. दक्षिणेची १९९७ पासून होतीच. बँकेत जन्मभर सह्या तपासलेल्या मला याचे अप्रूप वाटते, कारण १९५३ च्या युद्धबंदीनंतर या दोघांत शांततेचा तह झालेला नाही. मात्र भातासाठी खाड्या उत्तरेतही बुजवल्या जातात.