संसार, नोकरी आणि अभ्यास

दिवसभर कचेरींत काम करावें, संध्याकाळीं घरचीं चार कामें उरकावीं आणि मग परीक्षेचें पुस्तक उघडून बसावें, असा क्रम आज पुष्कळ घरांत चाललेला दिसतो. कोणी सनदी लेखापालाच्या परीक्षेसाठीं खपत असतो, तर कोठें सूनबाई लग्नामुळें अर्धवट राहिलेली पदवी पुरी करीत असतात. नाशिक येथें १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें तें अशाच लोकांसाठीं. परंतु हा मार्ग कांहीं नवा नव्हे. शेतकरी व मजूर यांच्यासाठीं जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं रात्रीची शाळा काढली होती. आणि १८७३ सालीं, अकरा वर्षांच्या असतांना रानड्यांच्या घरांत आलेल्या रमाबाईंनीं मुळाक्षरांपासून विद्या मिळविली, ती घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून.

अशा विद्यार्थ्यांची एकच तक्रार असते, ती वेळेची. ती खोटी नाहीं. तथापि मिळालेला वेळ ते कसा खर्चितात, हेंही पाहिलें पाहिजे. धडा वाचावा, रंगीत रेघा ओढाव्या, पुनः वाचावा, आणि मजकूर ओळखीचा वाटूं लागला कीं तो आला असें समजावें, ही सार्वत्रिक रीत. वस्तुतः ओळख पटणें निराळें व आठवणें निराळें. शेजारच्या आळींतील गृहस्थांचा चेहरा आपण रोज पाहतों. नांव विचारलें तर मात्र अडखळतों!

अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनीं एक उतारा वाचल्यावर कांहींस तो पुनः वाचावयास दिला, आणि कांहींस तो दृष्टीआड करून आठवेल तेवढा लिहावयास सांगितलें. पांच मिनिटांनीं पाहिलें तों पुनः वाचणारे किंचित् पुढें होते. आठवड्यानंतर मात्र त्यांस सुमारें ४२ टक्के आठवलें, तर लिहून काढणाऱ्यांस ५६ टक्के. घोकणाऱ्यास आपली प्रगती मोठी कां वाटते, हें त्या पहिल्या पांच मिनिटांवरून उघड होतें.

त्याच्याही पूर्वीं, १८८५ सालीं, एबिंगहाउस या जर्मन पंडितानें अर्थहीन अक्षरें स्वतः पाठ करून असें दाखविलें कीं, एका दिवसांतील ६८ आवृत्त्यांनीं जें साधतें तें तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधतें.

प्रपंचांतील माणसास याहून आनंदाची वार्ता कोणती? त्याचा वेळ तुकड्यातुकड्यांचाच असतो. कल्याणहून लोकलनें मुंबईस जाणाऱ्यास गर्दींत पुस्तक उघडतां येत नाहीं, पण रात्रीं वाचलेला धडा मनांत उभा करतां येतो. कुकरच्या शिट्ट्या होईतों गृहिणीसही तें साधतें. जें आठवलें नाहीं तेवढेंच मग पुस्तकांत पाहावें. आणि तोच धडा तीन दिवसांनीं व पुढील आठवड्यांत पुनः आठवून पाहावा. हिशेबाच्या व गणिताच्या विषयांचें एवढ्यानें भागत नाहीं. तेथें कागद-पेन्सिल घेऊन, पुस्तकांतील उत्तर झांकून, उदाहरण शेवटपर्यंत सोडवावें लागतें. रविवारची सकाळ त्यासाठींच राखावी.

जागरणाचें कौतुक आम्हांस मुळींच मान्य नाहीं. १९२४ सालीं जेंकिन्स व डॅलेनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तेव्हां पाठ करून झोंपल्यावर जेवढें विसरलें जाई, त्याहून अधिक तितकेच तास जागें राहिल्यावर विसरलें जाई, असें आढळलें.

एक गोष्ट मात्र कोणत्याही युक्तीनें साधत नाहीं, ती घरच्यांनींच द्यावी लागते. मुलगा परीक्षेस बसला कीं त्याला खोली मिळते, चहा मिळतो. सून बसली तर शेवटचें भांडें घासून झाल्यावर तिनें पुस्तक उघडावें, अशी अपेक्षा असते. दोघांची परीक्षा एकच, फीही एकच, मग हा भेद कशास? दिवसांतून निदान अर्धा तास तिला कोणी हांक मारूं नये. आणि प्रश्न विचारणाऱ्यास विषय यावाच लागतो असें नाहीं. सासूबाईंनीं भाजी निवडतांना पुस्तक पुढ्यांत ठेवून एकेक प्रश्न विचारावा, आणि चुकलें तेथें खरें उत्तर वाचून दाखवावें.