अर्नाळ्याचा बाजार

वसई तालुक्याच्या उत्तर टोकास, वैतरणेच्या मुखापाशी वसलेल्या अर्नाळ्याची इतिहासातील ख्याती मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलेल्या जलदुर्गामुळे असली, तरी गावाचा नित्याचा प्रपंच चालतो तो कोळणीच्या टोपलीवर, वाडीतल्या भाजीवर आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीवर. आपल्या परिसरातील लहान दुकानदाराकडून खरेदी केल्याने नेमके काय साधते, हा प्रश्न तात्त्विक चर्चेपेक्षा येथील सुक्या बोंबलाच्या व्यवहारावरून अधिक लवकर उलगडतो.

बोंबील हा अंगी पाण्याचा अंश फार असलेला, म्हणून लवकर नासणारा मासा. बांबूच्या आडव्या काठ्यांवर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून तो उन्हात वाळवितात, आणि हे कष्टाचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असल्यामुळे कोळ्याच्या घरात नव्या मासळीचा रोख पैसा येत नाही, तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला माल हेच त्या कुटुंबाचे भांडवल ठरते. त्या दिवसांत वाणी तांदूळ-तेलादी जिन्नस खात्यावर देतो, आणि हंगाम सुरू होऊन मासळी विकली जाऊ लागली म्हणजे खाते फेडले जाते. येथे तारण असते ते केवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे. दूरच्या कंपनीच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला नोकर कितीही सज्जन असला, तरी अशी मुदत देण्याचा अखत्यार त्याला नसतो.

अर्थात वाण्याच्या वहीची भाबडी स्तुती करण्याचे कारण नाही. उधारीच्या मालाला भाव चढा लागू शकतो, तागडीविषयी कुरबुर होते, आणि विरारच्या मोठ्या दुकानातील एखादी वस्तू खरोखरच स्वस्त पडते. ज्याची मिळकत बेताची आहे त्याने ती तेथून घेतली, तर त्याला दोष देणारा मनुष्य बहुधा पोटभर जेवलेला असतो. प्रश्न सगळी खरेदी कोठे करावी हा नसून, जी वस्तू गावातच निपजते तिच्यासाठी तरी गावाबाहेर जावे काय, हा आहे.

सुकेळ्यांचेच पाहा. शेजारच्या आगाशीच्या आसमंतात राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, अनेक दिवस उन्हात वाळवून हा तपकिरी, मधुर पदार्थ सिद्ध करतात. त्याला ऊन लागते, धीर लागतो, आणि मुख्य म्हणजे राजेळीची बाग राखणारा बागायतदार लागतो. भोवती इमारती उठत असताना, आणि जमिनीला केळीपेक्षा कितीतरी अधिक मोल येत असताना, ती बाग राखण्याचे कारण त्याला गिऱ्हाइकावाचून दुसरे कोण देणार? मागणी ओसरली की प्रथम सुकेळी जातात, मग बाग जाते, आणि वाळवण्याचे कसब तर कोणी लिहूनही ठेवलेले नसते.

गावात खर्च झालेला पैसा गावातच काही काळ फिरतो, हे या मुलखाने फार पूर्वी ओळखले होते. १९१८ साली पापडीस स्थापन झालेली बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक ही स्थानिक बचत स्थानिक गरजेकडे वळविण्याचाच उद्योग होता. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करण्यासाठी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर येणारी गृहिणी कळत-नकळत हेच करते: समुद्र बंद होण्यापूर्वी कोळ्याच्या घरात रोकड पोहोचविते. घासाघीस मात्र ती करतेच, आणि करावीही. पहिल्या भावाला माल उचलणारे गिऱ्हाईक नवखे आहे, हे कोळीण तत्काळ ओळखते.