बिलाच्या पानाचा माथा आणि पायथा

वहीच्या प्रत्येक पानास माथा व पायथा असावा, ही शिस्त आपल्या पेढ्यांस नवी नाही. वर 'श्री', मिती आणि 'मागील पानावरून बेरीज'. खाली 'बेरीज पुढे नेली'. पान सुटले तरी ते कोठले, हे त्यावरून कळे. आता बिले संगणक तयार करतो व ती पीडीएफ रूपाने धाडली जातात. परंतु ही शिस्त पुष्कळदा पहिल्या पानावरच संपते.

याचा त्रास आम्हीही भोगला आहे. निपाणीहून कोल्हापुरास गेलेल्या मालाचे तीन पानी बिल तिकडे छापून घेतले गेले. दुसऱ्या पानावर ना पेढीचे नाव, ना बिलाचा क्रमांक! ते भलत्याच बिलास जोडले गेले आणि आमची वसुली महिनाभर रखडली.

उपाय सोपा आहे. पीडीएफ तयार करणाऱ्या एफपीडीएफसारख्या साधनांत 'हेडर' व 'फूटर' अशा दोन जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात. तेथे मजकूर एकदा नेमून दिला की प्रत्येक पान उघडताना माथा व मिटताना पायथा आपोआप उमटतो. माथ्यावर पेढीचे नाव, पत्ता, 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक (कर्नाटकाचा 29 ने, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होणारा), बिलाची तारीख व क्रमांक असावा. बिलाचा क्रमांक नियमानुसार 16 चिन्हांहून लांब नसावा. पायथ्याशी पृष्ठांक द्यावा.

तीन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. पहिली, 'पृष्ठ 2, एकूण 3' यातील एकूण संख्या शेवटचे पान होईपर्यंत संगणकास ठाऊक नसते. म्हणून तेथे खूण ठेवून ती शेवटी भरून घेतात. दुसरी, पायथ्यापुरती जागा तळाशी राखून ठेवावी. नाहीतर मालाच्या ओळी त्यावर चढतात. तिसरी, देवनागरी टंक फाईलमध्येच समाविष्ट करावा आणि अक्षरजोडणी जाणणारे साधन निवडावे. नपेक्षा 'निपाणी'तील पहिली वेलांटी 'न'च्या पुढे न येता मागे पडते, आणि गावाचे नावच बिघडते!

आपल्या संगणक-लेखनिकाकडून एक लांब बिल मुद्दाम काढवून घ्यावे व त्याचे मधले पान निराळे करून पाहावे. ते कोणाचे, कोणत्या बिलाचे व कितवे, हे त्याने स्वतःच सांगितले पाहिजे. ज्या पानास आपली ओळख सांगता येत नाही, ते वादाच्या वेळी धन्याची बाजू काय सांगणार?