काचेवरचं न वाळणारं मीठ

कोलाडला राफ्टिंग करताना तोंडावर उडतं ते कुंडलिकेचं पाणी बरंचसं घाटापलीकडचं आहे. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी १९२७ पासून सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. एरवी ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. आता ते कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. तिथे मासेमारी बोटीच्या केबिनमध्ये वाटीभर गोड्या पाण्याचं मोल फार मोठं, कारण फिश फाइंडरचा पडदा त्यानेच पुसायचा असतो.

हे यंत्र बोटीच्या तळातून पाण्यात आवाज सोडतं. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. ३० मीटर खोल तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. वाटेत अनेक माशांच्या पोटातली हवेची पिशवी त्याला परतवते आणि तांडेलासमोर मासळीची खूण उमटते. एवढ्या खोलातून आलेली खबर शेवटी काचेवरच्या पांढुरक्या पुटाआड अडते!

लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. काचेवर वाळलेला थेंब भिंगाखाली धरा, मिठाचे नेटके चौकोनी स्फटिक दिसतील. नवल मात्र पुढेच आहे. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर ३३ टक्के पुरतात. कोकण किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे हे पूट सहसा पुरतं वाळतच नाही. दुपारी खरखरीत, रात्री चिकट. इंजिनाची काजळी, हाताचं तेल, रेतीचा कण, सगळं धरून ठेवणारं.

अशा पडद्यावर टी-शर्टचं टोक घासलं तर? मीठ काचेपेक्षा मऊ असतं, पण रेती काचेहून कठीण. शिवाय अनेक सागरी पडद्यांवर चकाकी कमी करणारा लेप असतो. त्याचा एक थर साधारण १०० नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीच्या सातशेव्या भागाएवढा! त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडतात, म्हणून भर उन्हातही आकडे वाचता येतात. अमोनियाचं काच-क्लीनर असा लेप खराब करू शकतं.

म्हणून घासायचं नाही, विरघळवायचं. गोड्या पाण्याचा एक थेंब समुद्राच्या जवळजवळ दहा थेंबांचं मीठ पोटात घेऊ शकतो. यंत्र बंद करा, मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून पिळा, काचेवर नुसतं टेकवून ठेवा. मीठ फडक्यात उतरलं की बाजू बदलून हलकेच टिपा, मग कोरडं मायक्रोफायबर फिरवा. आणि पुसून झाल्यावरही पडदा काळाच दिसला तर आधी डोळ्यांवरचा पोलराइज्ड गॉगल काढा. काही पडद्यांचा प्रकाश तो जवळजवळ पूर्ण अडवतो.