नवं-जुनं : कर्ज बुडतं कधी आणि दिसतं कधी?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लेखी आवृत्ती.

मार्चमध्ये हिंगणघाटात चहाच्या टपरीवर बसा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "नवं-जुनं केलं का भाऊ?" पीककर्जाची मुदत संपत आलीय, कापूस भावाची वाट बघत घरातच पडलाय. मग चार दिवसांसाठी कुणाकडून तरी उसने घ्यायचे, बँकेचं जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं आणि उसनवारी फेडायची. बँकेच्या कागदावर खातं एकदम चोख! शेतकऱ्याच्या हातात मात्र काहीच उरत नाही, उलट त्या चार दिवसांचं व्याज अंगावर.

नियम साधा आहे. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्याच्या वाटेवर. कमी मुदतीच्या पिकांना दोन हंगामांची सवलत असते. एकदा एनपीएचा शिक्का बसला की न मिळालेलं व्याज बँकेला उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, आणि नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. म्हणून शिक्का टाळायची घाई शेतकऱ्याइतकीच बँकेलाही असते.

आता हेच नवं-जुनं हजार कोटींचं करून बघा. स्टील, वीज, रस्ते अशा मोठ्या कंपन्यांच्या कर्जांवर बँका वर्षानुवर्षं पांघरूण घालत होत्या. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खाती खरोखर तपासायला लावली आणि पांघरूण निघालं. मार्च २०१५ ला व्यापारी बँकांचा ढोबळ एनपीए साधारण ४.३ टक्के होता, मार्च २०१८ ला ११.२. तीन वर्षांत सगळी कर्जं अचानक बिघडली नव्हती हो, बरीचशी आधीच बिघडलेली होती, दिसली तेव्हा!

आमच्या धंद्यातली एक गंमत. सप्टेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की एनपीए ठरवायचं काम जून २०२१ पर्यंत पूर्णपणे सिस्टिमनं करावं, माणसानं हात लावू नये. खरं तर दोन तारखांची वजाबाकी. कोड कधीच अवघड नव्हता, एडिटचा अधिकार कुणाकडे हे अवघड होतं.

पण मोठ्या बँकांना सरकार सावरतं. आपल्या वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं काय झालं? थकलेली कर्जं होतीच, त्यात २००२ च्या होम ट्रेड रोखे प्रकरणातही पैसे अडकले. पुढे ती लायसन्स नसलेल्या बँकांच्या यादीत गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन: नागपूर, वर्धा, बुलढाणा. पैसे केंद्राचे, राज्याचे आणि नाबार्डचे. सगळ्यात मोठा वाटा राज्यांचा, म्हणजे आपल्याच करातून.

गावच्या सोसायटीला पीककर्जाचा पैसा जिल्हा बँकेकडून येतो. वरची टाकी आटली की ज्यानं एकही हप्ता चुकवला नाही त्यालाही पेरणीच्या वेळी दुसरं दार शोधावं लागतं, आणि ते दार बरेचदा सावकाराचं असतं. घरी त्या काळातलं जिल्हा बँकेचं पासबुक असेल तर काढा, आणि बाबांना विचारा, त्या वर्षी बियाण्याचे पैसे कुठून आणले होते.