फवाऱ्यातले विष आणि मोडकी किल्ली

श्रावण-भाद्रपदात अमरावतीहून अकोल्याकडे निघालात तर कपाशीच्या शेतांत पाठीवर पंप घेतलेली माणसे तुम्हाला हमखास दिसतील. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अशी फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावले. कपाशी पुरुषभर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येई. वापरातल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फॉस्फरसची संयुगे होती. (आपल्याकडे यांना ‘औषध’ म्हणतात. फार फसवा शब्द!)

हे विष शरीरात करते तरी काय?

तुम्ही मूठ आवळता तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन बाहेर पडते व स्नायूला निरोप देते. निरोप पोचला की तो पुसला गेला पाहिजे. नाहीतर मूठ सुटायची कशी? पुसण्याचे काम अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम करते. त्याच्या रेणूत एक खोल खाच असते व तिच्या तळाशी सेरीन हे अॅमिनो आम्ल. अॅसिटिलकोलीन खाचेत शिरून तुटते, त्याचा एक तुकडा क्षणभर सेरीनला चिकटतो, पाण्याचा रेणू तो सोडवतो आणि खाच मोकळी होते. सेकंदाला हजारो वेळा!

मोनोक्रोटोफॉसही त्याच खाचेत शिरते, पण सेरीनवर फॉस्फरसचा तुकडा चिकटवून जाते. पाणी त्याला सहजी हलवू शकत नाही. कुलपात किल्ली मोडून बसावी, तसेच हे. पुढे काही तासांत त्या तुकड्यातला एक लहानसा गट गळून पडतो. मग तो सुटण्याची आशाच उरत नाही. निरोप साचत जातात : लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू, आणि शेवटी श्वासच अडतो.

अॅट्रोपीनचे इंजेक्शन विकराला सोडवत नाही. ते लाळग्रंथी, श्वासनलिका, हृदय यांच्याकडे जाणारा निरोप अडवते. प्रॅलिडॉक्झिम तुकडा उपटू शकते, पण तो गट गळण्यापूर्वी; आणि रोग्याला त्याचा कितपत गुण येतो, यावर डॉक्टरांत वाद आहे.

कायमचे अडकलेले विकर टाकाऊच; शरीराने नवे घडवायचे. तांबड्या रक्तपेशींना केंद्रकच नसते, म्हणून त्यांना तेही जमत नाही. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. फवारणाऱ्याच्या रक्तातली तूट भरून यायला म्हणूनच कित्येक आठवडे लागतात, आणि कपाशीवरची पुढची फवारणी त्याआधीच येते.