ब्रश, शाम्पू आणि आग्नेस पॉकेल्स

आखाजी झाली की खानदेशात लग्नांची रीघ लागते. नरडाण्यात पार्लर चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: दिवसाला दोन-तीन लग्नांचे मेकअप असतात, ब्रश साबणानं धुतला तरी तेलकटच राहतो, आणि एखादीच्या गालावर नंतर पुळ्या उठतात. दोष ब्रशचा का?

असू शकतो. ब्रिटनच्या ॲस्टन विद्यापीठात अमरीन बशीर आणि पीटर लॅम्बर्ट यांनी वापरातली ४६७ प्रसाधनं तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७९ ते ९० टक्के वस्तूंवर जिवाणू निघाले. फाउंडेशन लावायच्या स्पंजांपैकी ९३ टक्के तर एकदाही धुतलेले नव्हते! आकड्यांनी मात्र घाबरून जायला नको. पुळ्या आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात मुकाट राहत असतो. एकीच्या चेहऱ्यावरून तो ब्रशवाटे दुसरीच्या सोललेल्या, खाजवलेल्या कातडीत शिरला, की दुखणं सुरू होतं.

पण ताईंच्या प्रश्नातला खरा रस मला त्या तेलकटपणात वाटतो. ब्रश पाण्यात बुडवा, केस मोकळे फुलतात. बाहेर काढा, लगेच एकमेकांना चिकटून टोक होतं. म्हणजे केस चिकटतात ते ओले झाल्यामुळे नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागामुळे. तो पृष्ठभाग मांडवाच्या कापडासारखा ताणलेला असतो. शाम्पूचा थेंब हा ताण सैल करतो, तेव्हा कुठे पाणी केसांच्या फटीत शिरतं आणि तेलाचे कण सोडवून आणतं.

हा ताण नेमका मोजायची युक्ती शोधली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्सनं. जन्म १८६२चा. मुलींना विद्यापीठाची दारं बंद. भौतिकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ फ्रिडरिश पुस्तकं पुरवायचा. आजारी आईवडिलांचं करता करता तिनं स्वयंपाकघरात प्रयोग मांडले. ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद पत्र्याचं पन्हाळं पाण्यानं काठोकाठ भरायचं आणि वर पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा तेलाचा थर दाटतो किंवा विरळ होतो. पाण्याला टेकलेली छोटी चकती उचलायला किती जोर लागतो, ते ती तराजूवर मोजायची. १८९१ साली तिनं हे सगळं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्रानं कळवलं, आणि त्यांनी ते पत्र तिच्याच नावानं ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापवून आणलं. मोठ्या मनाचा माणूस!

पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी तेच उपकरण सुधारलं आणि १९३२ साली पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळवलं. लँगम्यूर थोरच, पण ते पन्हाळं आजही प्रयोगशाळांत त्यांच्याच नावानं ओळखलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

आता ताईंच्या बेसिनकडे. बोअरचं पाणी जड असेल, डाळ लवकर शिजत नसेल, नळावर पांढरे थर बसत असतील, तर अंगाच्या साबणानं ब्रश धुऊ नये. पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका होतो आणि केसांवरच बसतो. तेलकटपणाचं कारण बहुधा हेच. शाम्पूतल्या द्रव्यांचा असा साका होत नाही. एक-दोन रुपयांची पुडी पुरते. महागड्या ‘ब्रश क्लेन्झर’मध्येही मुख्य काम करणारं द्रव्य त्याच जातीचं असतं. तळहातावर शाम्पू घेऊन ब्रशचं टोक गोल फिरवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं. धातूच्या कड्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आतला गोंद सुटतो. मग पंच्यानं टिपून आडवा वाळवायचा. उन्हाळ्यात तो चटकन वाळेल, पण नुसत्या वाळण्यावर भिस्त नको. स्टॅफिलोकॉकस कोरड्या वस्तूंवरही आठवडेच्या आठवडे टिकतो.

दोन लग्नांच्या मधे धुवायला वेळ नसेल, तर ब्रशचा दुसरा संच हवा. तोही नसेल, तर क्रीम पुसून ७० टक्के अल्कोहोल फवारावं आणि ब्रश पुरता सुकू द्यावा. निव्वळ अल्कोहोल त्याहून कमी कामाचं: ते पटकन उडून जातं आणि जिवाणूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. स्पंज आतपर्यंत साफ होत नाही, तो प्रत्येकीला नवा द्यावा. काजळाची कांडीही एकीची दुसरीला लावू नये. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तशा दिवसांत तर मुळीच नाही.